ठिपका सरकला आणि भाव बदलला

घड्याळाच्या काचेभोवती एक कडे असते. धंद्यातील लोक त्याला बेझल म्हणतात. ओमेगा कंपनीचे स्पीडमास्टर हे घड्याळ १९५७ साली बाजारात आले आणि १९६९ साली ते माणसाच्या मनगटावर बसून चंद्रावर जाऊन आले, त्यामुळे त्याचे नाव जगभर झाले. या घड्याळाच्या काळ्या बेझलवर वेग मोजण्याचे आकडे छापलेले असतात. त्यांपैकी ९० या आकड्याजवळ एक बारीक ठिपका असतो. १९७० सालच्या सुमारापर्यंत हा ठिपका ९० च्या डोक्यावर असे. पुढे कंपनीने छपाई बदलली आणि ठिपका आकड्याच्या बाजूला आला. वेळ दाखवण्यात काही फरक पडला नाही आणि घड्याळाची ताकदही कमी-जास्त झाली नाही. पण आज डोक्यावर ठिपका असलेले मूळ कडे नुसते सुटे विकायला आले, तरी त्याला हजारो डॉलर मिळतात. २०२१ साली ओमेगाने नवे मॉडेल काढले, तेव्हा तो ठिपका मुद्दाम पुन्हा डोक्यावर नेला आणि जगभरच्या शौकिनांनी समाधानाचा सुस्कारा सोडला.

सामान्य माणसाला हा वेडेपणा वाटेल. एका ठिपक्यासाठी इतका पैसा? परंतु व्यापाराच्या दृष्टीने पाहिले, तर या ठिपक्यात शिकण्यासारखे बरेच आहे. महागड्या घड्याळांच्या बाजारात माणूस नेमके काय विकत घेतो, कंपनी रूप का बदलते आणि त्या बदलावर रागावलेला गिऱ्हाईक नंतर त्याच वस्तूसाठी दुप्पट-चौपट दाम का मोजतो, हे समजून घेतले पाहिजे. कारण अलीकडे आपल्याकडील बरीच मंडळीही घड्याळाकडे गुंतवणूक म्हणून पाहू लागली आहेत. शिवाय कित्येक घरांच्या कपाटात आखातातून आणलेले एखादे जुने घड्याळ पडून असते, त्याची खरी किंमत घरच्यांनाच ठाऊक नसते.

वेळ स्वस्त झाली, रूप महाग झाले

डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीला ठेवले. त्या वेळी त्याची किंमत एखाद्या लहान मोटारीएवढी होती. पण दहा-पंधरा वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले की, फुटपाथवरचे शंभर रुपयांचे घड्याळ लाखांच्या स्विस घड्याळापेक्षा वेळ अचूक दाखवू लागले. स्विस घड्याळ उद्योगावर हा मोठा आघात होता. १९७० साली या उद्योगात सुमारे नव्वद हजार लोक काम करत होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या तीस हजारांच्या आसपास येऊन ठेपली. कित्येक जुनी घराणी बुडाली.

ज्या कंपन्या तगल्या, त्यांनी एक गोष्ट ओळखली. वेळ विकून आता पोट भरणार नव्हते. मग विकायचे काय? कारागिरी, नाव आणि रूप. त्या दिवसापासून चावीच्या किंवा स्वयंचलित महागड्या घड्याळाचा सारा धंदा डायलचा रंग, काट्यांची लांबी, केसची जाडी आणि पट्ट्याची वीण यांवर उभा राहिला. गरजेची वस्तू असती, तर सुधारणा झाली की लोक जुनी टाकून नवी घेतात. इथे गरजच उरलेली नाही. त्यामुळे रूपात झालेला केसभर बदलदेखील मोठी घटना ठरतो. एक मिलिमीटर वाढला तरी वादळ उठते.

राग आधी, रांग नंतर

या वादळांचा इतिहास पाहिला तर त्यात एक ठरावीक चाल दिसते. १९७२ साली ओडेमार पिगे या जुन्या स्विस कंपनीने रॉयल ओक नावाचे घड्याळ काढले. रचनाकार होते जेराल्ड गेंटा. आठ कोनांचे बेझल, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू, ३९ मिलिमीटरचा त्या काळी अवाढव्य वाटणारा आकार आणि धातू कोणता, तर पोलाद! शिवाय किंमत सोन्याच्या अनेक घड्याळांपेक्षा जास्त. स्क्रू लपवण्याऐवजी मिरवणारे, पोलादाचे आणि तरी सोन्याहून महाग असलेले घड्याळ घेणार कोण, असा प्रश्न जाणकारांनी विचारला. सुरुवातीला विक्री संथच होती. आज त्याच कंपनीची ओळख या एका घड्याळावर उभी आहे.

पुढे १९९३ साली त्याच घराण्याने रॉयल ओक ऑफशोअर काढले. ते ४२ मिलिमीटरचे, जाड, रबर लावलेले आणि धसमुसळे होते. आता गंमत पाहा. वीस वर्षांपूर्वी ज्या घड्याळाला लोकांनी नावे ठेवली होती, तेच तोपर्यंत पवित्र झाले होते, आणि नव्या घड्याळाने त्याची विटंबना केली, असे शौकीन म्हणू लागले. खुद्द गेंटा यांनाही ते पसंत पडले नव्हते असे सांगितले जाते. लोकांनी त्याला ‘राक्षस’ म्हणून हिणवले. काही वर्षांत मोठ्या घड्याळांची लाट आली आणि हाच राक्षस त्या लाटेचा पुढारी ठरला. आज त्याच्या पहिल्या मालिकेतील नग शौकीन शोधत फिरतात आणि ‘राक्षस’ हे नाव कौतुकाने घेतात.

२०१९ साली याच कंपनीने कोड ११.५९ नावाची नवी मालिका आणली, तेव्हा डायल अगदीच साधी आणि निर्जीव आहे म्हणून तिची जाहीर टिंगल झाली. कंपनीने डायल बदलत, रंग वाढवत, पुढे पोलादी नग आणत ती मालिका चालू ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाटेक फिलिप या सर्वांत प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या घराण्याने क्युबिटस हे चौकोनी घड्याळ काढले. ४५ मिलिमीटरचा चौकोन पाहून शौकिनांनी कपाळाला हात लावला. अवघ्या सहा महिन्यांत, एप्रिल २०२५ मध्ये, कंपनीने त्याचे ४० मिलिमीटरचे लहान रूप बाजारात आणले.

हे सारे पाहून कोणी म्हणेल की, पहिला राग खोटाच असतो, तेव्हा ज्याची आज टिंगल होते ते घेऊन ठेवावे, उद्या सोने होईल. हा निष्कर्ष घाईचा आहे. टिंगल झालेली आणि पुढेही पडूनच राहिलेली घड्याळे शेकड्यांनी आहेत; त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, एवढेच. राग ही काही भावाची हमी नव्हे. मग भाव ठरतो कशाने?

नाकारलेल्या वस्तूचे मोल

रोलेक्स कंपनीचे डेटोना हे मोटार शर्यतींसाठी बनवलेले घड्याळ १९६३ सालचे. साठीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने त्याचे काही नग वेगळ्या, भडक डायलमध्ये काढले. त्यांत दोन रंगांचा मेळ होता आणि लहान चक्रांत चौकोनी खुणा होत्या. गिऱ्हाइकांना ते आवडले नाहीत. दुकानदारांकडे ते पडून राहत. अमेरिकन नट पॉल न्यूमन यांच्या पत्नी जोआन वुडवर्ड यांनी असे एक घड्याळ घेऊन पतीला दिले. पाठीवर ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. न्यूमन यांनी ते वर्षानुवर्षे वापरले आणि पुढे मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा लिलाव झाला आणि त्याला खर्चासह १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक रक्कम आली.

ते घड्याळ न्यूमन यांच्या हातावरचे होते, म्हणून इतकी रक्कम आली हे खरे. पण ज्यांना न्यूमन यांनी कधी हातही लावला नाही, अशी त्या डायलची इतर घड्याळेदेखील साध्या डायलच्या त्याच काळातील घड्याळांपेक्षा कितीतरी पट महाग आहेत. कारण उघड आहे. खपत नव्हती म्हणून ती थोडी बनली, आणि थोडी बनली म्हणून आज दुर्मिळ झाली. त्या वेळच्या गिऱ्हाइकाने नाक मुरडले, त्याचाच आजच्या मालकाला फायदा होत आहे.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे दोषालाही भाव येतो. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर बनलेल्या काही काळ्या डेटोनांच्या डायलवर जो रोगण होता, तो नीट टिकला नाही. लहान चक्रांच्या चंदेरी कड्या हळूहळू तपकिरी पडल्या. दुसऱ्या कोणत्याही धंद्यात असा माल परत आला असता. इथे लिलावाच्या व्यवसायातील ओस्वाल्दो पात्रित्झी यांचे नाव त्या डायलला चिकटले आणि तपकिरी छटा जितकी गडद, तितका भाव चढा, असे झाले. रोलेक्सच्याच सबमरिनरच्या एका मॉडेलवर सुरुवातीला नाव तांबड्या अक्षरांत छापलेले असे. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर ते पांढऱ्या अक्षरांत येऊ लागले. एका तांबड्या ओळीने आज लाखो रुपयांचा फरक पडतो.

आणखी एक उदाहरण अगदी अलीकडचे आहे. रोलेक्सचे एक्स्प्लोरर अनेक वर्षे ३६ मिलिमीटरचे होते. २०१० साली ते ३९ मिलिमीटरचे झाले. पण काटे मात्र त्या मानाने आखूड राहिले. मोठ्या भावाचा सदरा आणि धाकट्याच्या बाह्या, असा तो प्रकार होता. शौकिनांनी तक्रार केली. कंपनीने २०१६ साली काटे लांब केले. २०२१ साली तर तिने ३९ मिलिमीटरचा आकारच बंद केला आणि पुन्हा ३६ वर आली. २०२३ मध्ये शेजारी ४० मिलिमीटरचेही एक आणले. आता ज्या आखूड काट्यांवर टीका झाली, तेच काटे ‘पहिली आवृत्ती’ म्हणून जाहिरातीत मानाने सांगितले जातात.

या सर्व उदाहरणांचा धागा एकच आहे. चांगले-वाईट, सुंदर-कुरूप हा इथे शेवटचा निकष नाही. कंपनीने एखादी गोष्ट थांबवली की तिची मोजदाद पूर्ण होते. तांबड्या ओळीची, आखूड काट्यांची, डोक्यावरच्या ठिपक्याची घड्याळे जितकी बनली तितकीच. आता त्यांत एकाचीही भर पडणार नाही. संग्राहक दाम मोजतो तो या पूर्णविरामासाठी. आणि पूर्णविराम देण्याचा अधिकार गिऱ्हाइकाकडे नसतो, तो कंपनीकडे असतो. जी मंडळी आज नवे घड्याळ गुंतवणूक म्हणून घेतात, त्यांनी हे वाक्य लिहून ठेवावे. तुमच्या पैशाचे भवितव्य जिनिव्हातील एका बंद खोलीत ठरते आणि त्या खोलीत तुम्हाला कोणी बोलावणार नाही.

भावाची चढण आणि उतरण

पाटेक फिलिपच्या नॉटिलसचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हे घड्याळही गेंटा यांच्याच रेखाटनातून १९७६ साली आले. त्याचे ५७११ क्रमांकाचे पोलादी मॉडेल २००६ पासून मिळत होते. २०२१ च्या आरंभी कंपनीने ते बंद करण्याचे ठरवले. अमेरिकेत त्याची अधिकृत किंमत सुमारे ३५ हजार डॉलर होती. बातमी पसरताच दुय्यम बाजारात भाव एक लाख डॉलरच्या पुढे गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टिफनी या अमेरिकन पेढीच्या खास आकाशी रंगात त्याचे फक्त १७० नग काढण्यात आले. पहिल्या नगाचा लिलाव धर्मादाय कार्यासाठी झाला आणि त्याला ६५ लाख डॉलर मिळाले. घड्याळ तेच, यंत्र तेच, रंग तेवढा निराळा.

त्या दिवसांत मुंबईपासून दुबईपर्यंत अनेक तरुणांनी उसनवारी करून घड्याळे घेतली. दुकानातून मिळेल त्या भावाने उचलायचे आणि आठवड्यात विकायचे, असा बेत असे. काहींना फायदा झाला. पण २०२२ च्या वसंतानंतर वारे फिरले. जगभर व्याजाचे दर वाढले, आभासी चलनाचा फुगा फुटला आणि ज्यांच्या जोरावर बाजार चढला होता, तेच विकायला निघाले. २०२२ च्या उत्तरार्धात आणि २०२३ मध्ये दुय्यम बाजारातील भाव घसरत गेले. शिखरावर घेतलेल्याच्या हातात घड्याळ राहिले आणि डोक्यावर कर्ज राहिले.

शिवाय कंपनी स्वस्थ बसत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाटेकने नॉटिलसचे नवे ५८११ मॉडेल आणले. तेच रूप, पण पोलादाऐवजी पांढरे सोने आणि आकारात एका मिलिमीटरची वाढ. जुन्या वस्तूची मागणी कंपनीने अशा रीतीने स्वतःच्या नव्या आणि अधिक महाग मालाकडे वळवली. यात बेकायदा काही नाही. व्यापाराचे हे कौशल्यच आहे. दुर्मिळता निर्माण करणारी कंपनी आणि तिच्यावर पैसे लावणारा गिऱ्हाईक हे एका पातळीवरचे खेळाडू नव्हेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. रोलेक्स वर्षाला सुमारे दहा लाख घड्याळे बनवते, असा अंदाज आहे. दहा लाखांच्या वस्तूला दुर्मिळ म्हणायला लावणे, हेही एक कौशल्यच!

शौकिनांची तक्रार नेहमीच पोकळ नसते

संग्राहकांना सरसकट वेड्यात काढणे न्यायाचे होणार नाही. पुष्कळदा त्यांची नजर कंपनीपेक्षा तयारीची असते. एक्स्प्लोररचे काटे खरोखरच आखूड होते. २०१० साली सबमरिनरला चिनी मातीचे, न झिजणारे आणि रंग न उडणारे बेझल आले, ही सुधारणाच होती; पण केसचे खांदे इतके रुंद झाले की घड्याळ चौकोनी दिसू लागले. दहा वर्षे लोक कुरकुरत राहिले. २०२० साली आकार ४० वरून ४१ मिलिमीटर झाला, पण खांदे निमुळते करण्यात आले. गिऱ्हाइकाचे बोलणे कुठेतरी पोचले होते.

उलट काही बदल असे आहेत की त्यांवर रागावणाऱ्यांची कीव करावी. एके काळी अंधारात चमकण्यासाठी डायलवर रेडियमचा लेप लावत. तो लेप लावणाऱ्या अमेरिकेतील कारखान्यांतील मुली १९२० च्या दशकात असाध्य आजारांनी गेल्या. साठीच्या दशकात त्याऐवजी कमी घातक ट्रिटियम आले आणि १९९८ च्या सुमारास किरणोत्सर्ग नसलेला लेप आला. ट्रिटियमची शक्ती सव्वाबारा वर्षांत निम्मी होते. त्यामुळे जुन्या डायल आता अंधारात चमकत नाहीत आणि त्यांच्या खुणा दुधावरच्या सायीसारख्या पिवळसर पडल्या आहेत. शौकिनांना हा रंग इतका आवडला की कित्येक कंपन्या आता नव्या घड्याळावर मुद्दाम पिवळसर लेप लावतात. म्हातारपण आलेल्या वस्तूला मान आहे, हे ठीक. पण कोऱ्या वस्तूला रंगवून म्हातारी करणे आणि त्याचे जास्त पैसे घेणे, याला काय म्हणावे?

आपल्या कपाटातील घड्याळ

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. कोकणातील आणि मुंबईतील हजारो माणसे सत्तरीच्या दशकापासून आखातात राबली. येताना सोन्याबरोबर एखादे घड्याळ आणण्याची रीत होती. त्या प्रदेशात चांगल्या घड्याळांचा बाजार जुना आहे. ओमानचे सुलतान काबूस यांच्यासाठी सत्तरीच्या दशकात लंडनच्या ॲस्प्रे या दुकानामार्फत खंजीराचे राजचिन्ह असलेली रोलेक्स घड्याळे बनवून घेतली गेली. भेटीदाखल वाटलेल्या त्या घड्याळांपैकी एखादे आज लिलावात आले, तर डायलवरच्या त्या बोटाच्या पेराहून लहान चिन्हामुळे भाव अनेक पटींनी वाढतो.

माझ्या परिचयाचे रत्नागिरी जिल्ह्यातील एक कुटुंब आहे. वडील कुवैतला नोकरीस होते. त्यांनी पंचाहत्तरच्या सुमारास स्विस बनावटीचे, पाणबुड्यांसाठी असते तसे एक घड्याळ घेतले आणि अखेरपर्यंत वापरले. त्यांच्या पश्चात बहिणीच्या लग्नाच्या वेळी मुलांनी ते विकायचे ठरवले. डायल काळवंडली होती, केसवर ओरखडे होते. विकण्याआधी जरा साफ करून घ्यावे म्हणून ते एका घड्याळजीकडे गेले. तो म्हणाला, “अशी डायल कोण घेणार? नव्यासारखे करून देतो, चांगला भाव येईल.” आठ दिवसांत घड्याळ लखलखीत होऊन आले. डायल नव्याने रंगवली होती, काटे बदलले होते आणि केस घासून गुळगुळीत केली होती. मुले खूश झाली.

मुंबईत जुन्या घड्याळांचा व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांनी ते भिंगाखाली धरले आणि परत ठेवले. “घड्याळ अस्सल आहे, पण हा चेहरा त्याचा नाही. जुनी डायल कुठे आहे?” जुन्या डायलवरचे सारे खरवडूनच नवा रंग दिला होता. काटे घड्याळजीच्या दुकानात कुठे गेले, कोणालाच ठाऊक नव्हते. त्या गृहस्थांनी मोबाइलवर तशाच, पण कोणी हात न लावलेल्या घड्याळाच्या लिलावाचा भाव दाखवला. मुलांच्या हाती त्याचा चौथा हिस्साही आला नाही. “अब्बांच्या हाताने झिजलेले होते तेच खरे धन होते,” असे थोरला मुलगा नंतर मला म्हणाला.

यात घड्याळजीची नियत वाईट होती, असे मला वाटत नाही. आपल्याकडे ‘नव्यासारखे’ हा कामाचा सर्वांत मोठा गौरव मानतात. भांड्याला कल्हई करावी, तशी घड्याळाला डायल करायची, हीच रीत होती. एके काळी खुद्द नामांकित कंपन्यांच्या सेवा केंद्रांतही दुरुस्तीच्या वेळी जुनी डायल काढून नवी बसवली जाई. पण या रीतीने आपले नाव किती खराब झाले आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. परदेशातील संग्राहक भडक रंगवलेल्या डायलच्या, इकडचे-तिकडचे भाग जोडलेल्या घड्याळाला हेटाळणीने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. बंगळूरला १९६१ साली सुरू झालेल्या एचएमटी घड्याळांची कथाही तीच. २०१६ साली केंद्र सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि जनता, पायलट यांसारख्या साध्या घड्याळांना संग्राहकांची मागणी आली. इथेही पूर्णविरामानेच भाव वाढवला. त्याबरोबर रंगवलेल्या डायलच्या एचएमटींचा बाजारात असा पूर आला की आता अस्सल ओळखणे हेच मोठे काम होऊन बसले आहे.

सावधगिरीचे चार शब्द

मोठमोठे जाणकारही फसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात १९५७ सालच्या मानल्या गेलेल्या एका स्पीडमास्टरला ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक रक्कम आली. ते घड्याळ खुद्द ओमेगाने आपल्या संग्रहालयासाठी घेतले होते. २०२३ मध्ये कंपनीलाच जाहीर करावे लागले की, ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले होते आणि या प्रकरणात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्याने घड्याळ बनवले तोच फसला, तर चार चित्रे पाहून खरेदी करणाऱ्याची काय कथा? जिथे एका ठिपक्याला हजारो डॉलर मिळतात, तिथे तो ठिपका रंगवणाराही जन्माला येणारच.

सरकारची नजरही आता या व्यवहारांकडे आहे. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर एक टक्का कर उगमस्थानी गोळा करण्याचा नियम लागू करण्यात आला. दुसरीकडे, स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचे आहे. नवा माल स्वस्त होत गेला, तर कालच चढ्या भावाने घेतलेल्या मालाचे काय होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. नवे घड्याळ घ्यायचे असेल, तर ते आवडते म्हणून घ्यावे, परवडते तेवढेच घ्यावे आणि हातावर बांधावे. भाव वाढला तर आनंद, न वाढला तर वेळ तरी दिसेल. कर्ज काढून मात्र घेऊ नये. घरात जुने घड्याळ असेल, तर विकण्यापूर्वी त्याला चमकवू नये. डायल, काटे, पट्टा, खोका, पावती, जे जसे आहे तसे ठेवावे आणि दोन ठिकाणी दाखवल्याशिवाय सौदा करू नये. आपल्या घड्याळजी बांधवांना एक विनंती आहे. यंत्र साफ करा, तेल द्या, पण चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी मालकाला विचारा, आणि काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून त्याच्या हाती परत द्या. ज्याला जुने जपता येते, असा कारागीर मिळत नाही, अशी संग्राहकांची ओरड आहे. ज्या हातांनी आजवर नव्यासारखे करून दिले, तेच हात जुन्यासारखे ठेवायला शिकले, तर या धंद्यात त्यांची कमाई कमी होणार नाही, उलट वाढेल.

कंपन्या ठिपका सरकवत राहतील आणि शौकीन रागावत राहतील. तो त्यांचा खेळ आहे, तो त्यांना परवडतो. आपल्या वाडवडिलांनी घाम गाळून घेतलेली वस्तू मात्र अज्ञानामुळे मातीमोल होऊ नये, इतकी काळजी आपण निश्चित घेऊ शकतो.